प्रस्तावना : पित्तरसाची अडलेली वाट

कावीळ झाली की आपल्याकडे चौकशी ठरलेल्या क्रमाने होते. बाहेरचं पाणी प्यायलात का, उघड्यावरचं काही खाल्लंत का, दारू घेता का, सोनोग्राफीत खडा दिसतो का. गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणकोणती औषधं पोटात गेली, हा प्रश्न या यादीत फार खाली येतो. कित्येकदा येतच नाही. विचारला तरी रुग्ण ‘विशेष काही नाही, नेहमीच्याच गोळ्या’ एवढं सांगून मोकळा होतो. औषधाने झालेल्या काविळीचं निदान हुकतं ते इथेच. हे पुस्तक त्या एका प्रश्नासाठी लिहिलं आहे.

औषधांनी यकृताला इजा होऊ शकते, हे आता बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. या इजेचा एक प्रकार मात्र फारसा चर्चेत नसतो. त्यात यकृताच्या पेशी सुरुवातीला फारशा मरत नाहीत. त्यांनी तयार केलेला पित्तरस बाहेर पडेनासा होतो. वैद्यकात याला कोलेस्टॅसिस म्हणतात. या पुस्तकात मी त्याला पित्तरोध म्हटलं आहे.

जेवण चुकल्यावर छातीत जळजळतं आणि आपण ‘पित्त झालं’ म्हणतो, ते पोटातलं आम्ल. इथे विषय यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाचा आहे. सुमारे दीड किलो वजनाचं यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पिवळसर-हिरवा रस स्रवतं. त्यात पाणी, पित्तक्षार, कोलेस्टेरॉल, फॉस्फोलिपिड आणि बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य असतं. जेवणातलं तेल-तूप पचायला पित्तक्षार लागतात, आणि त्या स्निग्धांशाबरोबरच अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागतात. काम झालं की जवळपास ९५ टक्के पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा शोषले जातात आणि रक्तावाटे यकृताकडे परततात. शरीरातला त्यांचा एकूण साठा तीनेक ग्रॅमचा, पण तो दिवसातून सहा ते दहा वेळा फिरवून वापरला जातो. शिवाय शरीराला नको असलेली पुष्कळ द्रव्यं याच मार्गाने बाहेर टाकली जातात आणि त्यांत औषधंही येतात. त्यामुळे औषधांशी या मार्गाचा संबंध रोजचाच आहे.

हा मार्ग जिथे सुरू होतो, तिथे तो किती नाजूक आहे हे एकदा पाहायला हवं. दोन यकृतपेशी एकमेकींना खेटून असतात, त्या सांध्यातच एक सूक्ष्म नळी असते. तिचा व्यास एक मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिला स्वतःची वेगळी भिंत नसते. शेजारच्या पेशींचं आवरण हीच तिची भिंत. त्या आवरणात निरनिराळी वाहक प्रथिनं बसलेली असतात. त्यांतलं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बाईल सॉल्ट एक्स्पोर्ट पंप. नळीत पित्तक्षार पेशीतल्यापेक्षा कित्येक पटींनी दाट असतात, तरीही हा पंप ऊर्जा खर्चून पेशीतले पित्तक्षार नळीत ढकलत राहतो. दुसरं एक प्रथिन नळीत फॉस्फोलिपिड सोडतं. त्यामुळे पित्तक्षारांची तीव्रता सौम्य होते आणि नळ्यांचा बचाव होतो. तिसरं बिलिरुबिन बाहेर काढतं. या कामात एका जागीही खंड पडला, तर पाटाचं दार बंद राहिल्यावर पाणी मागच्या शेतात पसरावं, तसे पित्तक्षार मागे पेशीत आणि तिथून रक्तात पसरतात. स्निग्ध पदार्थ विरघळवणं हे पित्तक्षारांचं कामच, आणि पेशींची आवरणं स्निग्ध पदार्थांचीच असतात. अन्नासाठी उपयोगी असलेला रस पेशीतच साठला की पेशीलाच घातक ठरतो तो यामुळे.

औषधं हा मार्ग मुख्यतः तीन प्रकारे अडवतात.

पहिल्या प्रकारात वाहक प्रथिनांचंच काम मंदावतं. अवयवरोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन, फुप्फुसांतल्या वाढलेल्या रक्तदाबासाठीचं बोसेंटान ही यातली परिचित नावं. बोसेंटान आणि मधुमेहावरचं ग्लिबेन्क्लामाइड ही दोन्ही याच पंपाला अडवतात, म्हणून ती एकत्र देऊ नयेत असा स्पष्ट नियम आहे. गर्भनिरोधक गोळ्यांमधलं इस्ट्रोजेन आणि व्यायामशाळांमध्ये ‘बॉडी’ कमावण्यासाठी घेतली जाणारी ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स यांनी होणारा पित्तरोधही असाच, सूज फारशी नसलेला. स्टेरॉइड्स घेणाऱ्या तरुणाचं बिलिरुबिन वीस-तीसच्या पुढे गेलेलं असतं, खाजेने त्याला रात्र-रात्र झोप नसते आणि यकृतपेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढणारं एसजीपीटी हे एंझाइम मात्र थोडंच वाढलेलं असतं. गरोदरपणात ज्या स्त्रीला हातापायांच्या तळव्यांना असह्य खाज सुटून पित्तरोधाचं निदान झालं असेल, तिने पुढे गर्भनिरोधक गोळी सुरू करताना ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवी. मूळ कल दोन्हीकडे एकच असू शकतो.

दुसऱ्या प्रकारात शरीराची प्रतिकारशक्ती भाग घेते. औषध किंवा त्याचं यकृतात झालेलं रूपांतर शरीरातल्या एखाद्या प्रथिनाला चिकटतं आणि प्रतिकारशक्ती त्या जोडीला परकं समजते. मग पेशींबरोबर बारीक पित्तनलिकांनाही सूज येते. कधी ताप, कधी पुरळ सोबत येतं. तिसरा प्रकार विरळा, पण गंभीर आहे. त्यात या बारीक नलिकाच नाहीशा होत जातात, औषध थांबवूनही कावीळ महिनोन्‌महिने रेंगाळते आणि क्वचित यकृतरोपणापर्यंत वेळ येते.

या ज्ञानाला मोठा इतिहास आहे. सिफिलिसवरचं आर्सफेनामिन हे औषध १९१० साली साल्व्हर्सान या नावाने बाजारात आलं. ते घेतलेल्यांपैकी काहींना कावीळ होत असे. १९४० साली अमेरिकेत हँगर आणि गटमन या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की यांतल्या काही रुग्णांमध्ये लक्षणं सगळी पित्तमार्ग तुंबल्याची असतात, पण मोठ्या पित्तवाहिनीत अडथळा नसतो. तो यकृताच्या आत असतो. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला आणि मनोरुग्णांच्या उपचारांचं चित्र पालटलं. पुढे लक्षात आलं, की हे औषध घेणाऱ्या काहींना पहिल्या काही आठवड्यांतच कावीळ होते, आणि ती हुबेहूब खड्याच्या काविळीसारखी दिसते. १९८२ साली ब्रिटनमध्ये बेनोक्साप्रोफेन हे संधिवातावरचं औषध मागे घ्यावं लागलं. ते घेणाऱ्या वृद्धांचे पित्तरोधाच्या काविळीने मृत्यू झाल्याचं बेलफास्टच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. या प्रत्येक वेळी धोका उघड झाला तो कुणीतरी रुग्णाच्या काविळीची सांगड त्याच्या औषधाशी घातली म्हणून.

लक्षणांकडे वळू. पित्तरोधात पुष्कळदा डोळे पिवळे होण्याआधी खाज सुरू होते. ती तळहात-तळपायांना जास्त आणि रात्री जास्त असते. आपल्या घरांत अंगाला खाज सुटली की ‘पित्त उठलं’ म्हणून आमसुलाचं पाणी लावलं जातं, एखादी सेट्रिझिन घेतली जाते. अंगावर गांधी उठल्या असतील तर ते समजण्यासारखं आहे. पण गांधी नाहीत, पुरळ नाही, कातडीवर फक्त खाजवल्याचे ओरखडे आहेत आणि आराम पडत नाही, अशी खाज यकृताकडे बोट दाखवते. तिच्या जोडीला लघवी गडद होते आणि शौचाचा रंग फिका, मातकट-पांढुरका होतो, कारण विष्ठेला रंग देणारं बिलिरुबिन आतड्यात पोहोचतच नाही. रक्तातलं बिलिरुबिन अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो. दुखणं लांबलं तर के जीवनसत्त्व कमी पडून रक्त गोठायला वेळ लागतो. दात घासताना हिरड्यांतून रक्त येणं ही त्याची एक खूण असू शकते.

यानंतर एका औषधाबद्दल सविस्तर लिहितो, कारण ते घराघरांत पोहोचलेलं आहे. अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम आणि क्लॅव्हुलॅनेट १२५ मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी मेडिकलच्या काउंटरवर नुसत्या ‘६२५’ या आकड्याने ओळखली जाते. दाढ दुखली, घसा बसला, सायनस भरलं, की ती लिहून दिली जाते आणि पुष्कळदा चिठ्ठीशिवायही मागितली जाते. औषध उत्तम आहे. अनेक जंतुसंसर्गांत त्याला तोड नाही. पण पाश्चात्त्य देशांत औषधजन्य यकृतविकाराचं सर्वांत नेहमी आढळणारं कारण हेच आहे, आणि त्याने होणारी इजा बऱ्याचदा पित्तरोधाची असते. आइसलँड या छोट्या देशात २०१० आणि २०११ या दोन वर्षांत सगळ्या लोकसंख्येवर लक्ष ठेवून अभ्यास झाला. तिथे हे औषध घेणाऱ्या सुमारे २,३५० जणांमागे एकाला यकृताची इजा झाल्याचं आढळलं. म्हणजे धोका लहान आहे; पण ज्या औषधाच्या गोळ्या करोडोंनी खपतात, तिथे लहान धोक्याचीही माणसं पुष्कळ होतात.

या इजेचं वेळापत्रक निदानाला चकवतं. पाच-सात दिवसांचा कोर्स संपतो, दुखणं बरं होतं, माणूस औषध विसरूनही जातो. आणि त्यानंतर दोन, चार, कधी सहा आठवड्यांनी खाज आणि कावीळ उगवते. ‘सध्या कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर तेव्हा ‘एकही नाही’ असंच असतं. साठीच्या पुढच्या पुरुषांमध्ये हा धोका अधिक, आणि याच वयात डॉक्टरांच्या मनात पित्तवाहिनीच्या किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शंका येते. मग तपासण्यांची रांग लागते. त्या कराव्याच लागतात. खडा आणि गाठ नाही याची खात्री केल्याशिवाय औषधावर ठपका ठेवता येत नाही. पण आठवड्यांपूर्वीच्या कोर्सची माहिती पहिल्याच दिवशी मिळाली, तर पुढची दिशा आणि रुग्णाच्या घरची काळजी दोन्ही बदलतात.

हे काही मोजक्यांनाच का होतं? उत्तराचा एक भाग जनुकांत आहे. युरोपात वापरल्या जाणाऱ्या फ्लुक्लॉक्सासिलिन या अँटिबायोटिकच्या बाबतीत २००९ साली आढळलं, की एचएलए-बी ५७:०१ हे जनुकरूप असणाऱ्यांना या इजेचा धोका सुमारे ८० पट असतो. तरीही हे जनुकरूप असून औषध घेणाऱ्या पाचशे ते हजार जणांत एखाद्यालाच प्रत्यक्षात त्रास होतो. त्यामुळे सगळ्यांची जनुकतपासणी करून औषध द्यावं, असा सोपा मार्ग निघत नाही.

भारतातलं चित्र पाश्चात्त्य देशांहून वेगळं आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, आणि आपल्याकडे औषधजन्य यकृतविकाराचं पहिलं कारण क्षयरोगाची औषधं हेच आहे. बंगळूरच्या सेंट जॉन्स रुग्णालयातले डॉ. हर्षद देवरभावी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ३१३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५८ टक्के रुग्णांना इजा क्षयरोगाच्या औषधांनी झाली होती, आणि एकूण रुग्णांपैकी १७ टक्क्यांहून थोडे अधिक दगावले. क्षयरोगाच्या औषधांपैकी आयसोनायझिड आणि पायराझिनामाइड मुख्यतः पेशींना इजा करतात. रिफाम्पिसिन बिलिरुबिनच्या आणि पित्तक्षारांच्या वाहतुकीतही अडथळा आणतं. याच रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते आणि तसं होणारच असं रुग्णाला आधीच सांगितलेलं असतं. म्हणून पुढे काविळीची गडद लघवी आली तरी ‘औषधाचाच रंग’ म्हणून ती दुर्लक्षिली जाऊ शकते. इथे लघवीपेक्षा डोळे पाहावेत. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसणं, भूक मरणं, मळमळ-उलट्या होणं यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी क्षयरोग केंद्र गाठावं. औषधं परस्पर कायमची सोडून देणं मात्र तितकंच घातक आहे. यकृत सावरल्यावर एकेक औषध क्रमाने पुन्हा सुरू करण्याची ठरलेली पद्धत आहे, आणि बहुतेक रुग्ण तो उपचार पूर्ण करू शकतात.

काविळीवरच्या गावठी उपायांबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. गळ्यात माळ घालणं, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन ‘कावीळ उतरवणं’ यांनी यकृताला थेट इजा होत नाही. पण वेळ जातो. पोटात दिल्या जाणाऱ्या मुळ्या, काढे आणि पुड्या यांचं तसं नाही. झाडपाल्यातली द्रव्यंही यकृताकडेच जातात. करोनाच्या काळात प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांमधल्या यकृतविकाराची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. पुढच्याच वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास पुढे आला. ती इजा प्रामुख्याने पेशींची होती. आधीच पित्तरोध असलेल्या यकृतावर काय गुदरेल, हे त्यावरून ओळखावं. डॉक्टरांनी औषधं विचारली की काढे, चूर्णं, प्रोटीन पावडर आणि वजन कमी करणाऱ्या कॅप्सूलही मोजाव्यात, हा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

रक्ततपासणीचा कागद हातात आला, की बहुतेकांचं लक्ष एसजीपीटीच्या आकड्यावर जातं. त्याच कागदावर अल्कलाइन फॉस्फेटेज असतं, आणि पित्तरोध कळतो तो त्यावरून. समजा एसजीपीटी १२० आहे आणि प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४०. म्हणजे तीन पट. अल्कलाइन फॉस्फेटेज ४८० आहे आणि मर्यादा १२०. म्हणजे चार पट. तीनला चारने भागलं की ०.७५. हा भागाकार २ किंवा त्याहून कमी आला तर इजा पित्तरोधाची, ५ किंवा अधिक आला तर पेशींची आणि मधला आला तर मिश्र. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी १९९० साली प्रसिद्ध केलेली ही व्याख्या आजही वापरात आहे. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये आणि गरोदर स्त्रियांमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज एरवीही जास्त असतं, एवढं मात्र ध्यानात ठेवावं.

हा भागाकार इजेचा प्रकार सांगतो. ती कोणत्या औषधाने झाली, हे तो सांगत नाही. ते सांगणारी रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. निदान उभं राहतं ते तारखांवर : औषध कधी सुरू झालं, कधी थांबलं, खाज कधी लागली, थांबवल्यावर आकडे कसे उतरले. या तारखा फक्त रुग्णाजवळ असतात, आणि तिथेच आपल्या व्यवस्थेची दुबळी बाजू उघडी पडते. ओपीडीत रुग्ण प्लास्टिकची पिशवी उपडी करतात, तेव्हा तिच्यातून गोळ्यांच्या कापलेल्या पट्ट्या बाहेर पडतात. दहातल्या चारच गोळ्या घेतल्या म्हणून दुकानदाराने कात्री लावलेली असते. औषधाचं नाव एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्यावर, आणि हे दोन्ही तुकडे दुकानातच राहिलेले. हातात उरतात त्या चंदेरी कागदातल्या निनावी गोळ्या. बिल मागितलेलं नसतं, चिठ्ठी हरवलेली असते. अशा वेळी सगळ्यात महागड्या तपासणीलाही जे सांगता येत नाही, ते दहा रुपयांच्या वहीतल्या एका ओळीने सांगितलं असतं.

उपचारांचा पहिला आणि सर्वांत मोठा भाग म्हणजे संशयित औषध ओळखून थांबवणं. खाजेसाठी कोलेस्टिरामिन दिलं जातं. ते आतड्यात पित्तक्षारांना बांधून ठेवतं, म्हणून इतर औषधं त्यापासून काही तास दूर घ्यावी लागतात. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड पुष्कळ डॉक्टर देतात, पण त्याने बरं होण्याचा वेग नक्की वाढतो असा भक्कम पुरावा नाही. के जीवनसत्त्व कमी पडलं असेल तर त्याचं इंजेक्शन लागतं. पेशींच्या इजेसोबत कावीळ आली तर सुमारे दहा टक्के रुग्ण दगावतात, असं हायमन झिमरमन या अमेरिकी यकृततज्ज्ञाने दाखवून दिलं. पित्तरोधात जीवाचा धोका त्या मानाने कमी, पण पित्तरोध हळू उतरतो. एक ते तीन महिने धीर धरावा लागतो. काहींना सहा महिन्यांहून अधिक. एकदा इजा केलेलं औषध पुन्हा घेतलं तर दुसरा हल्ला लवकर आणि जोराचा होऊ शकतो. म्हणून त्या औषधाचं मूळ नाव रुग्णाला पाठ हवं. नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही, कारण तेच औषध बाजारात अनेक नावांनी मिळतं.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात यकृताची आणि पित्तमार्गाची रचना, दुसऱ्यात औषधांचे गट आणि त्यांच्या इजेचे नमुने, तिसऱ्यात तपासण्या आणि निदान, आणि चौथ्यात रुग्णाने व घरच्यांनी करायच्या गोष्टी आहेत. सामान्य वाचकाबरोबरच गावोगावचे डॉक्टर, केमिस्ट, परिचारिका आणि आशाताई माझ्या डोळ्यांसमोर होत्या, कारण खाजेची तक्रार पहिल्यांदा त्यांच्याच कानावर जाते. औषधांची भीती घालावी हा हेतू कुठेही नाही. अँटिबायोटिक्सनी आणि क्षयरोगाच्या औषधांनी जितके जीव वाचवले, त्यापुढे हा धोका फार लहान आहे. पण तो लहान आहे म्हणून त्याची नोंदच ठेवायची नाही, हे पटण्यासारखं नाही.

म्हणून वाचकांकडे तीन गोष्टी मागतो. घरातल्या प्रत्येकासाठी एक वही ठेवा आणि घेतलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, डोस, सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख तिच्यात लिहा. काढा आणि चूर्णही त्यात आलं. मेडिकलमधून सुट्या गोळ्या घेताना नाव आणि तारीख असलेल्या पट्टीचा फोटो काढा आणि बिल मागून घ्या. आणि औषधाने त्रास झाला अशी शंका आली तर डॉक्टरांना दाखवाच, शिवाय भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर स्वतः कळवा. तिथे तक्रार नोंदवायला डॉक्टर असण्याची गरज नाही. तुमची एक नोंद पुढच्या रुग्णाचं निदान लवकर करून देऊ शकते.